बायबल स्टडी की डायलिसिस?

प्रश्न : आम्ही नाशिकरोडचे. आमच्या बायबल स्टडीत सध्या त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव), मग बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी, यावरून नुसती खडाजंगी चालूये. मला त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं, आणि खरं सांगू का, त्याच वेळात शेजारच्या काकूंना डायलिसिसला नेलेलं जास्त बरं वाटतं. माझी श्रद्धा कच्ची आहे का?

उत्तर : कच्ची कसली हो ताई! बायबलमधल्या लूकच्या 10व्या अध्यायात शास्त्री विचारतो, माझा शेजारी कोण, तर येशू व्याख्या देत बसत नाही, सरळ गोष्ट सांगतो. लुटारूंनी मारहाण करून रस्त्यात टाकलेल्या माणसाला मंदिरातला याजक आणि तिथलाच सेवक लेवी बघून पुढे जातात, आणि ज्याची शिकवण यहुद्यांना चुकीची वाटायची तो शोमरोनी त्याच्या जखमांवर तेल-द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, वर दोन दिनार देऊन उरलेलं बिल परत येताना भरतो म्हणतो. किती प्रॅक्टिकल माणूस बघा! आपल्या नाशिकच्या शरणपूरलाही मिशनने गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन लोकांना आसरा दिला तेव्हा सोबत सुतारकाम, लोहारकामही शिकवलं, नुसता धर्म नाही.

सिद्धांत फालतू आहेत असं मी म्हणत नाही, 325 साली असे सिद्धांत ठरवायला निकियात चर्चचे पुढारी उगाच नाही जमले. पण ते काय, पुढच्या रविवारीही तिथेच असतील, काकूंची वेळ ठरलेली असते. डायलिसिसनंतर बीपी खाली येऊ शकतं, म्हणून लगेच रिक्षात कोंबू नका, जरा बसू द्या. आणि ग्रुपमधल्या त्या दोन जोरदार भांडणाऱ्यांना काकूंना न्यायची एकेक फेरी वाटून द्या की!