पावसाळ्यात मोठं तैलचित्र संग्रहालयापर्यंत कसं न्यावं?

तुम्ही विचारलंय की पाच बाय चार फुटांचं तैलचित्र जुलैत अंधेरीच्या स्टुडिओतून रिगल सिनेमाजवळच्या संग्रहालयात द्यायचं आहे, बबल रॅप गुंडाळून टेम्पोत ठेवलं तर चालेल का. नाही चालणार. रस्ता जेमतेम पंचवीस किलोमीटरचा, पण चित्र खड्ड्यांपेक्षा दमट हवेने आणि घाईने जास्त बिघडतं.

आधी रंग सुकलाय का ते बघा. तैलरंगावर दुधासारखी साय धरते. वरून कोरडा वाटला तरी जाड थर आत सहा महिने ते वर्षभर मऊ राहतो. सर्वांत जाड जागी, शक्यतो कडेला, नख हलकेच टेकवा. खूण उमटली तर संग्रहालयाकडून तारीख पुढची घ्या. अशा रंगावर बबल रॅप थेट लावला आणि बंद गाडी सिग्नलला उन्हात तापली, की फुग्यांचे गोल रंगावर उमटतात. ते नंतर निघत नाहीत.

म्हणून रंगाला काहीही टेकू द्यायचं नाही. चित्राच्या मागच्या चौकटीला एक मोठी लाकडी प्रवासी चौकट पट्ट्यांनी स्क्रू करतात, समोरची बाजू अधांतरी राहते. कॅनव्हासच्या पाठीला हलका बोर्ड लावतात, म्हणजे हादऱ्यांनी तो ढोलासारखा थरथरत नाही. चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी सैल असतील तर त्या आधी अडकवून घ्या. सुटलेली पाचर कॅनव्हास आणि खालच्या पट्टीच्या मध्ये पडते आणि समोरून फुगवटा दिसतो.

पेटी 12 मिमी प्लायची, आत चहूबाजूंनी 5 सेंमी फोम. झाकणाला खिळे नकोत, स्क्रू हवेत. हातोड्याचा प्रत्येक ठोका रंगाला बसतो. तुमच्या मापाला पेटी साधारण 170 बाय 140 सेंमी होईल. सुताराला सांगण्याआधी सोसायटीची लिफ्ट आणि जिन्याचं वळण मोजा. जाडी कमी असल्याने पेटी दारातून जाते, अडते ती वळणावर, आणि मग हमाल ती आडवी करतात. नेमकं तेच टाळायचं असतं.

गाडी बंद बॉडीची हवी. पेटी उभी, लांब बाजू गाडीच्या लांबीला समांतर ठेवून भिंतीला बांधायची. गाडीच्या रुंदीला समांतर लावली तर प्रत्येक ब्रेकला कॅनव्हास पुढे-मागे हेलकावतो. दक्षिण मुंबईत मालवाहू गाड्यांना वेळेचे निर्बंध असतात, ते वाहतूकदाराला आधीच विचारा.

आता खरी मेख. जुलैत स्टुडिओतली आर्द्रता सहज 80 टक्क्यांवर असते, संग्रहालयाच्या वातानुकूलित भांडारात ती 50च्या आसपास. पोहोचल्याबरोबर पेटी उघडली तर कॅनव्हास आणि त्यावर रंगाखाली लावलेलं सरस (चिकट लेप) झपाट्याने सुकतं, कडक झालेल्या जुन्या रंगाला ते ताण सोसत नाहीत आणि तडे जातात. म्हणून पेटी किमान 24 तास बंदच ठेवतात. हार-तुरे, पत्रकार, कोणीही वाट बघत असो. चपलांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या पेटीत टाकू नका. त्या पूर्ण कोरड्या असतात आणि उलट ओलावा ओढून घेतात. 50 टक्के आर्द्रतेला आधीच स्थिर केलेलं जेल वापरतात.

निघण्यापूर्वी स्थिती-अहवाल, म्हणजे चित्र आत्ता कसं आहे याची नोंद, करा, हा आळस सर्वांत महागात पडतो. समोरून, पाठीमागून आणि एका बाजूने टॉर्च मारून असे फोटो घ्या. तिरक्या उजेडात कॅनव्हासवरून सुटून उचलला गेलेला रंग लगेच दिसतो. चित्र ज्याच्या हातात जाईल त्याची दर वेळी अहवालावर सही. विमा भिंतीपासून भिंतीपर्यंतचा, म्हणजे स्टुडिओतून उतरवल्यापासून संग्रहालयात लागेपर्यंतचा घ्या, नुसत्या गाडीतल्या प्रवासाचा नको.

संग्रहालयात आल्यावर चित्र लगेच भांडारात जात नाही. ते वेगळ्या खोलीत ठेवून चौकटीत वाळवी, कसर, पाठीला बुरशी आहे का हे बघतात. मग त्याला दाखल क्रमांक मिळतो. तो चौकटीच्या लाकडावर किंवा टॅगवर लिहितात, कॅनव्हासवर नाही.

संग्रहालयाशी होणाऱ्या करारात एक ओळ तपासा. चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं होत नाही. भारतात तो लेखी दिल्याशिवाय चित्रकाराकडेच राहतो. मात्र कुणी पैसे देऊन चित्र मुद्दाम काढून घेतलं असेल, तर वेगळं काही ठरलेलं नसताना पहिला हक्क त्या व्यक्तीचा. संग्रहालयाला कॅलेंडर किंवा पोस्टकार्ड छापायची असतील, तर ती परवानगी त्याच कागदावर स्पष्ट लिहून घ्या.