शहरात वाढून मुलांना खरोखर काही मिळते का?

नोकरीच्या बदलीमुळे साताऱ्याचे अंगणाचे घर सोडून आपण नऊ वर्षांच्या मुलीला मुंबईत आणणार आहात आणि त्यात तिचे बालपण हरवेल का, असे आपण विचारले आहे. माझी मुलगी दादरला लहानाची मोठी झाली, त्या अनुभवावरून लिहिते.

अंगण जाते हे खरे, आणि त्याची भरपाई होत नाही. आमच्या सोसायटीत चेंडू खेळायला मनाई होती, आणि हिवाळ्यातल्या धुरकट हवेत मुलीचा खोकला आठवडेच्या आठवडे हटत नसे.

तरीही अनोळखी माणसांत न बिचकता वावरणे तिला या शहरानेच शिकवले, आणि मला ते फार मोलाचे वाटते. बेस्टच्या बसच्या पुढच्या पाटीवर तेव्हा मराठी आकडे असत; ते वाचतच ती अंक शिकली. अकराव्या वर्षी ती पहिल्यांदा एकटी तीन थांब्यांवरच्या वाचनालयात गेली आणि परत आली, तेव्हा घामाने मऊ पडलेले तिकीट अजून मुठीतच होते. कोणते पुस्तक आणले हे सांगण्याआधी, थांबा आल्यावर कंडक्टरकाकांनी हाक मारली, हे तिने सांगितले.

विज्ञान केंद्र, तारांगण, संग्रहालये हे सारे आहेच, पण निसर्गही अगदीच नाही असे समजू नका. धारावीलगत कचऱ्याच्या जुन्या डेपोवर झाडे लावून 37 एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले आहे. शिवडीच्या खाडीत हिवाळ्यापासून रोहित पक्षी येतात. पाणी ओसरले की ते चिखलात चरायला उतरतात, म्हणून आमची मुलगी निघण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या वेळा पाहायला शिकली.

मात्र मुलाला गाडीत बसवून एका शिकवणीहून दुसऱ्या शिकवणीला नेत राहिलात, तर यातले काहीच त्याच्या वाट्याला येत नाही. म्हणून घर शोधताना एक खोली कमी मिळाली तरी चालेल, पण मैदान आणि वाचनालय तिला चालत गाठता येईल असे पाहा, आणि शाळेच्या वाटेवर मोठा रस्ता ओलांडावा लागतो का, हे भाडे ठरवण्याआधी स्वतः चालून बघा. पहिले काही महिने तिच्यासोबत बसने हिंडा. कुठे उतरायचे ते मात्र तिलाच सांगू द्या.