रोजच्या जगण्यात सौजन्याचा खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: सौजन्य म्हणजे नेमकं काय, रोजच्या धबडग्यात त्याचा उपयोग काय, आणि समोरचा उर्मट असेल तर आपणच का नमतं घ्यायचं. मी सोलापुरात मेडिकल चालवतो. काउंटरच्या आतल्या बाजूने जेवढं दिसतं तेवढं सांगतो.

आधी आमच्या गावाबद्दल. बाहेरच्यांना सोलापूरकर उद्धट वाटतात. दोन मित्र ‘काय करायलास बे?’ म्हणत भेटले की पुण्याचा पाहुणा दचकतो, आता मारामारी होणार म्हणून. तोच पोरगा साठीतलं गिऱ्हाईक आलं की ‘या मामा, बसा’ म्हणत स्टूल पुढे सरकवतो. प्लीज-थँक्यू इथं फारसं ऐकू येत नाही, पण हाक नात्याचीच असते. पूर्व भागातली तेलुगू आजी ‘अम्मा’, तिची सून ‘अक्का’, कुणी ‘चाचा’, कुणी ‘खाला’. विजयपूर, कलबुर्गीकडचे पेशंट इथल्या दवाखान्यांत येतात. त्यांना नुसतं ‘बर्री, कूड्री’ (कन्नडमध्ये ‘या, बसा’) म्हटलं तरी आखडलेली माणसं सैल होतात. पुढचं सगळं मोडक्या मराठीत का होईना, मोकळेपणाने बोलतात. आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून बसलेला असताना आलेल्या माणसाला आधी माठातलं पाणी, मग चिठ्ठी. हे कुणी शिकवत नाही.

आता व्याख्या, माझ्यापुरती. समोरच्याला चारचौघांत ओशाळं करायची संधी आपल्या हातात असते, ती सोडून द्यायची. बाकी गोड बोलणं वगैरे ठीक आहे, जमलं तर करावं.

ही संधी आमच्याकडे दिवसभर येते. क्षयाच्या काही गोळ्या, झोपेच्या-घबराटीच्या गोळ्या, काही भारी अँटिबायोटिक शेड्यूल एच-वन या औषध-नियमांतल्या यादीत मोडतात. १ मार्च २०१४ पासून त्यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते: डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. ती वही ३ वर्षं जपायची. कायदा योग्यच आहे. पण काउंटरवर पाच-सहा जण उभे असताना ‘टीबीचं कुणाच्या नावावर लिहू?’ असं मोठ्यानं विचारलं, तर मागे उभी असलेली शेजारीण ऐकते आणि संध्याकाळपर्यंत गल्लीला कळतं. नाव चिठ्ठीवर असतंच. ते बघून मुकाट्यानं उतरवायचं, विचारण्यासारखं काही उरतच नाही.

तसंच पैशाचं. महिन्याची चिठ्ठी पुढे ठेवून माणूस मुठीतल्या नोटा मोजायला लागला की समजतं. ‘परवडत नसेल तर थोडं देऊ का?’ हे वाक्य वरवर दयाळू आहे, पण रांग वळून बघते. मी बिल करायच्या आधी सगळ्यांनाच विचारतो, ‘दहा दिवसांचं देऊ की महिन्याचं?’ ज्याच्याकडे पैसे आहेत तोही कधी दहाच दिवसांचं नेतो, त्यामुळे कोण कशासाठी नेतंय ते कळत नाही. अँटिबायोटिकचा कोर्स मात्र अर्धा देत नाही. तिथं उरलेले पैसे उधारीच्या वहीवर मांडतो.

(सॅनिटरी पॅड काळ्या पिशवीतच द्यायचे, हे मात्र मला सौजन्य वाटत नाही. ज्याची लाज वाटायचं कारण नाही त्याला आपणच लपवायची वस्तू करून ठेवलंय. ‘पिशवी देऊ का?’ एवढं विचारतो, जसं कफ सिरपला विचारतो.)

तुमचा खरा प्रश्न उपयोगाचा होता. एक औषध सांगतो. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी संधिवातासाठी देतात. ती आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायची असते. बाकीच्या गोळ्यांसारखी कुणी रोज घेतली तर जिवावर बेततं, आणि अशा चुका झालेल्या आहेत. आता विचार करा, एका बाईला हे नीट कळलं नाही. तिने एकदा विचारलं आणि काउंटरवरचा माणूस खेकसला, ‘सांगितलं ना आत्ता!’ ती परत विचारणार नाही. मान डोलावून घरी जाईल.

म्हणून ‘वाचता येतं का?’ हे मी कुणालाच विचारत नाही. पाकिटावर सोमवार लिहितो, खूण करतो आणि म्हणतो, ‘माझं सांगताना काही राहिलं का बघू, तुम्ही एकदा मला सांगा.’ परीक्षा माझी, तिची नाही. शिकवायच्या शास्त्रात याला टीच-बॅक म्हणतात. तिने ‘रोज रात्री’ म्हटलं तर तिथल्या तिथे चूक सापडते. मला तर यापेक्षा रोकडा उपयोग माहीत नाही.

सौजन्य म्हणजे दर वेळी ‘हो’ मात्र नव्हे. चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी मागणाऱ्याला नाही म्हणायचं, आणि लवकर म्हणायचं. ‘बघतो, थांबा’ करून वीस मिनिटं उभं करायचं नाही आणि व्यसनावर प्रवचनही द्यायचं नाही.

उर्मट लोकांचं म्हणाल तर दोन प्रकार आहेत. फोन कानाला लावून चिठ्ठी भिरकावणारा आला की मी शांतपणे पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. फोन संपला की त्याचा नंबर. दुसरा प्रकार दवाखान्यातून येतो. दोन रात्री झोप नाही, आत कुणीतरी आयसीयूत आहे, आणि तो माझ्यावर ओरडतो. त्याला मी उत्तर देत नाही, औषध काढायला लागतो. यात नमतं घेणं वगैरे काही नसतं, त्याचा राग माझ्यासाठी नाहीच.

फक्त एक. कामावरच्या पोराला ‘ए’ म्हणून शिवी घातली की मी मध्ये पडतो. ‘पोराशी नीट बोला’ एवढंच, आवाज न चढवता. कुणी ऐकतं, कुणी मलाही शिवी देऊन जातं. औषध मात्र अडवत नाही, पेशंट कुठल्या तरी वॉर्डात पडलेला असतो आणि त्याने काही शिवी दिलेली नसते.