नानांची फवारणीची वही

"वडील डॉक्टरांचं ऐकत नाहीत, मोबाईलवर काही आलं की लगेच खरं धरतात. कसं समजवायचं?" नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच. अशाच एका घरातला अनुभव, त्यांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

मुलगा अंबडला कंपनीत, वडील निफाड तालुक्यात द्राक्षबागायतदार. त्यांना सगळे नाना म्हणतात. सात वर्षांपासून मधुमेह. 'मेटफॉर्मिनने किडनी जाते' असा व्हिडिओ पाहून दोन महिने मधुमेहाची ही गोळी बंद. "शिकलेले असते तर कळलं असतं," मुलगा त्यांच्यासमोरच म्हणाला. नाना खिडकीबाहेर बघत राहिले. मीही गोळीची बाजू मांडत बसले, आणि तिथे चुकले. उठताना ते एवढंच बोलले, "ताई, जाणकारांचं ऐकूनच २०१० ला हात पोळलेत."

पुढच्या भेटीत मी फक्त तेवढंच विचारलं. शेंडावाढ थांबावी, काडीत घड चांगले धरावेत म्हणून बागांत सीसीसी हे वाढरोधक रसायन वापरायचे. त्या वर्षी त्याचे अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि निर्यातीचा माल तिकडे अडकला. इथे ज्या औषधांचे अंश तपासले जायचे, त्या यादीत सीसीसी नव्हतंच. "रिपोर्ट पास होता, ताई. पास!" हे सांगताना त्यांचा आवाज चढला. मुलगा पहिल्यांदाच गप्प बसून ऐकत होता. नानांच्या अविश्वासाला कारण होतं, आणि ते घरात कुणी विचारलंच नव्हतं.

"मग आता नवीन औषध आलं तर काय करता?"

त्यांनी खिशातून वही काढली. कडा निळसर, पानं फुगलेली. तारीख, औषध, लिटरला किती मिली, काढणीला किती दिवस बाकी. "डावणी रोगावर नवीन काही आलं की आधी चार ओळी मारतो. दहा दिवस बघतो. दुकानदार सांगतो ते वेगळं धरायचं, त्याला माल खपवायचा असतो. खताआधी देठ परीक्षण, पानांचे देठ तपासून वेलीला काय कमी आहे ते बघायचं."

मी म्हटलं, "नाना, व्हिडिओलाही हीच वही लावू."

त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत लावला. शेवटी चूर्णाची जाहिरात, खाली फोन नंबर. नाना काही बोलले नाहीत. मीही नाही. मग त्यांनीच विचारलं, "पण किडनीचं खोटं आहे का?"

प्रश्न रास्त होता. मेटफॉर्मिन किडनीवाटे शरीराबाहेर पडतं. त्यामुळे किडनी आधीच कमजोर असेल तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी थांबवतात. ऐकणाऱ्याला वाटतं, गोळीनेच किडनी गेली. उलट, साखर वर्षानुवर्षं चढी राहिली तर किडनीला धोका असतो. पण मी डॉक्टर नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी वहीत तीन प्रश्न लिहिले: माझी किडनी कशी आहे, ते कोणत्या तपासणीत दिसतं, आणि गोळी नको असेल तर दुसरं काय?

मागे एकदा डॉक्टरांनी "मोबाईल बघू नका" म्हणून त्यांना गप्प केलं होतं. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. विचारणाऱ्या रुग्णाला असं उडवून लावलं की तो जिथे उत्तर मिळेल तिथे जातो, हे मी पुन्हापुन्हा पाहते आणि मला त्याचं वाईट वाटतं. या वेळी मुलाने आधी फोन करून शेवटची वेळ मागून घेतली. डॉक्टरांनी किडनी कशी आहे ते बघायला रक्तातल्या क्रिएटिनिनची आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी करायला लावली, आणि रिपोर्टमधला एकेक आकडा बोट ठेवून समजावला. किडनी ठीक होती. गोळी सुरू झाली. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी तपासणी कधी करायची, ती तारीख नानांनी स्वतः मागून घेतली.

कारल्याचा रस त्यांनी सोडलेला नाही. तेही डॉक्टरांना सांगितलंय.

द्राक्षांच्या गोड्या छाटणीच्या, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीच्या घाईत मुलाचा फोन आला होता. नाना आता रोज सकाळची साखर त्याच वहीत लिहितात, मागच्या पानापासून.