१.०२६ आणि ३५ : आकडे दोन, पाणी एकच

कोरल ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत पाणी किती खारट हवं, याचे दोन आकडे बघून गोंधळू नका. १.०२६ ही विशिष्ट घनता (शुद्ध पाण्याच्या किती पट जड), ३५ पीपीटी म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. २५ अंश सेल्सिअसला दोन्ही जवळपास एकच. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजणाऱ्या कंडक्टिव्हिटी मीटरवर तेच ५३ मिलिसीमेन्स दिसतं. फक्त १.०२६ मधले '२६' म्हणजे २६ पीपीटी असं समजू नका. नवखे हमखास इथेच फसतात आणि मीठ ओतत सुटतात.

रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून जाणारा प्रकाश किती वळतो यावरून खारटपणा दाखवणारं यंत्र) घ्याच, पण आरओच्या, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्यावर शून्य लावून थांबू नका. स्वस्तातले बरेचसे साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात. शून्य बरोबर असूनही वर ३५ पाशी चुकतात. यंत्र जुळवून घ्यायचं ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन द्रावण आणा, थेंब टाकून अर्धा मिनिट थांबा, मग रीडिंग ३५ वर येईपर्यंत स्क्रू फिरवा. माझा दीड पीपीटी जास्त दाखवायचा. कोरल मिटून का बसलेत म्हणून मी सहा महिने दिव्यांना दोष देत होतो!

बाष्पीभवनाने पातळी उतरली तर भर आरओच्याच पाण्याची. मीठ टाकीतच राहिलेलं असतं. आणि रीडिंगमध्ये फरक निघालाच, तर दिवसाला १ पीपीटीपेक्षा जास्त हलवू नका.