दूरच्या लिनक्सची खिडकी आपल्या पडद्यावर: वाचकांचे प्रश्न

(आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत, टाइप करताना रोमन लिपीतच टाकाव्यात. ‘मोठा एक्स’ म्हणजे कॅपिटल.)

चिपळूणहून एक वाचक: ऑफिसातल्या उबुंटू सर्व्हरवर घरच्या विंडोज लॅपटॉपवरून पुट्टी या एसएसएच (दूरच्या यंत्रात सुरक्षित लॉगिन करायची पद्धत) प्रोग्रॅमने लॉगिन होतं. पण खिडकीवाला कोणताही प्रोग्रॅम चालवला की ‘कान्ट ओपन डिस्प्ले’ येतं. सर्व्हरवर काय बसवायचं राहिलं?

उत्तर: बहुधा तुमच्या लॅपटॉपवरच राहिलं आहे. प्रोग्रॅम चालतो ऑफिसात, पण पडदा, माउस आणि कीबोर्ड सांभाळणारा एक्स सर्व्हर तुम्ही बसलेल्या यंत्रावर लागतो (एक्स किंवा एक्स११ ही लिनक्सची खिडक्या दाखवायची पद्धत). पुट्टीत तो नसतो. व्हीसीएक्सएसआरव्ही हा विंडोजसाठीचा एक्स सर्व्हर बसवा, तो सुरू करणाऱ्या एक्सलाँचमध्ये ‘मल्टिपल विंडोज’ निवडा आणि डिस्प्ले क्रमांक ० द्या. ‘डिसेबल ॲक्सेस कंट्रोल’वर टिक करायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नका. पुट्टीची जोडणी लॅपटॉपच्या आतूनच येते, तिला त्याची गरज नाही, आणि ती टिक केली की त्याच वायफायवरच्या कुणालाही तुमच्या पडद्याचं दार उघडं राहतं. दोन-दोन सॉफ्टवेअर सांभाळायचा कंटाळा असेल तर मोबाएक्सटर्म घ्या, त्यात एक्स सर्व्हर आणि एसएसएच दोन्ही आहेत.

मग पुट्टीत कनेक्शन, एसएसएच, एक्स११ असं जाऊन ‘इनेबल एक्स११ फॉरवर्डिंग’वर टिक करा आणि डिस्प्लेच्या जागी लोकलहोस्ट:० लिहा. परत ‘सेशन’वर येऊन ‘सेव्ह’ दाबायला विसरू नका. नाहीतर उद्या हाच प्रश्न पुन्हा पडेल. आधीपासून उघडं असलेलं सेशन बंद करून नव्याने लॉगिन करा.

लॉगिन झाल्यावर ‘एको डॉलर-डिस्प्ले’ ही आज्ञा द्या (डिस्प्ले पूर्ण मोठ्या अक्षरांत). उत्तर लोकलहोस्ट:१०.० असं आलं तर सर्व्हरची बाजू ठीक आहे. खऱ्या पडद्यांचे क्रमांक ० पासून सुरू होतात, त्यांच्याशी टक्कर नको म्हणून एसएसएच १० पासून मोजतं. त्यामागे सर्व्हरवरचं ६०१० हे पोर्ट असतं. दुसरं कुणी आधीच आत असेल तर ११ किंवा १२ दिसेल, त्यात बिघाड काही नाही.

उत्तर कोरं आलं तर सर्व्हरकडे वळा. इटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग या फाइलमध्ये ‘एक्स११फॉरवर्डिंग यस’ हवं. उबुंटूत ते सहसा आधीच असतं, बाकी काही वितरणांत नसतं. त्याहून जास्त वेळा नडतं ते एक्सऑथ हे छोटं पॅकेज: सर्व्हर किमान सामग्रीने बसवला असेल तर ते येतच नाही. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल एक्सऑथ’ करा. फाइल बदलली असेल तर आधी ‘सुडो एसएसएचडी -टी’ने चूक तपासा आणि मगच ‘सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट एसएसएच’. दूर बसून हे करताना एक सेशन उघडं ठेवा. काही बिघडलं तर दुरुस्तीला ऑफिस गाठावं लागू नये.

एवढं करूनही जमलं नाही? सर्व्हरवर आयपीव्ही६ बंद केलेलं असेल तर त्याच फाइलमध्ये ‘ॲड्रेसफॅमिली आयनेट’ लिहून पाहा. ‘डीएफ -एच’ने डिस्क भरली नाही ना, तेही बघा; जागा नसेल तर एक्सऑथला आपली फाइल लिहिता येत नाही. आणि .बॅशआरसीमध्ये कुणी ‘एक्स्पोर्ट डिस्प्ले=:०’ घालून ठेवलं असेल तर ती ओळ काढा. हे मूल्य एसएसएचच भरतं, हाताने भरायचं नसतं.

रत्नागिरीहून एक वाचक: एक्सक्लॉक हा घड्याळाचा छोटा प्रोग्रॅम चालतो. तोच सुडोने चालवला की ‘राँग ऑथेंटिकेशन’ म्हणून नकार मिळतो.

उत्तर: पडद्यावर यायची परवानगी ‘मॅजिक कुकी’ नावाच्या गुप्त संख्येने मिळते. ती तुमच्या होम फोल्डरमधल्या .एक्सऑथॉरिटी या फाइलमध्ये असते. सुडोने प्रोग्रॅम रूट या मुख्य खात्यातून चालतो; रूटचं घर वेगळं, त्याच्याकडे ती नाही. म्हणून आज्ञा अशी द्या: ‘सुडो एक्सऑथॉरिटी=डॉलर-होम/.एक्सऑथॉरिटी’ आणि पुढे प्रोग्रॅमचं नाव. ‘=’च्या आधीचं ‘एक्सऑथॉरिटी’ व ‘होम’ मोठ्या अक्षरांत; फाइलच्या नावात फक्त एक्स मोठा. होम फोल्डर नेटवर्कवरून एनएफएसने येत असेल तर रूटला ती फाइल वाचता न येण्याची शक्यता असते. तिथे ‘एक्सऑथ लिस्ट’ने कुकी पाहून रूटच्या खात्यात ‘एक्सऑथ ॲड’ करावं लागतं. कधी उलटंही होतं: .एक्सऑथॉरिटीची मालकीच रूटकडे जाते आणि मग तुमचंही काही उघडत नाही. ‘एलएस -एल’ने मालक पाहा, ‘सुडो चोन’ने (सीएचओडब्ल्यूएन) परत घ्या. सगळ्यांना पडदा खुला करणारी ‘एक्सहोस्ट +’ ही आज्ञा मात्र देऊ नका; त्याने कुलूप उघडत नाही, दारच निघतं.

मालवणहून एक वाचक: मॅकवर एक्सक्वार्ट्झ हा एक्स सर्व्हर आहे. सुरुवातीला सगळं ठीक, पण थोड्या वेळाने नवी खिडकी उघडतच नाही.

उत्तर: तुम्ही ‘एसएसएच -एक्स’ (मोठा एक्स) वापरत असणार. त्यात दिलेली परवानगी मुळात २० मिनिटांचीच असते. उघड्या खिडक्या राहतात, नव्या नाकारल्या जातात. ‘-वाय’ (मोठा वाय) वापरला की ही मुदत जाते. मात्र ‘-वाय’मध्ये पलीकडचा प्रोग्रॅम तुमच्या मॅकवरच्या इतर एक्स खिडक्यांतलं टायपिंगही पाहू शकतो. स्वतःच्या सर्व्हरसाठी खुशाल वापरा, परक्या यंत्रासाठी नको.

देवगडहून एक वाचक: क्यूजीआयएस हा नकाशांचा प्रोग्रॅम उघडतो पण फार संथ चालतो. पावसात लाइट गेली की राउटर बंद पडतो आणि न साठवलेलं काम जातं. टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्रॅम) चालवला तरी तेच.

उत्तर: टीमक्स टर्मिनल वाचवतो, खिडकी नाही. जोडणी तुटली की प्रोग्रॅमच्या दृष्टीने पडदाच नाहीसा होतो आणि तो बंद पडतो. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असून उपयोग नाही, कारण तुटतं ते नेट. राउटरला छोटा यूपीएस लावणं हा सगळ्यात स्वस्त इलाज.

संथपणाचं कारण बहुतेकदा नेटचा वेग नसून फेऱ्या असतात. एक्सचा प्रोग्रॅम पडद्याला काही विचारतो, उत्तराची वाट पाहतो, मग पुढचं विचारतो. पिंग (एका फेरीचा वेळ) ८० मिलिसेकंद असेल आणि एका चौकटीला अशा ५० फेऱ्या लागल्या, तर ४ सेकंद नुसती वाट पाहण्यात जातात. म्हणून जास्त एमबीपीएसचा प्लॅन घेऊन फारसा फरक पडत नाही. ‘-सी’ने (मोठा सी) डेटा आकसतो, फेऱ्या कमी होत नाहीत.

नकाशाच्या कामाला एक्सप्रा वापरा. दोन्ही यंत्रांवर बसवा आणि आपल्या बाजूने ‘एक्सप्रा स्टार्ट एसएसएच://नाव@सर्व्हर --स्टार्ट=क्यूजीआयएस’ द्या. प्रोग्रॅम सर्व्हरवरच्या आभासी पडद्यावर चालतो, तुमच्याकडे फक्त चित्र येतं. लाइट गेली तर तो तिथे चालूच राहतो. नेट आल्यावर ‘एक्सप्रा अटॅच’ने होता तसा परत मिळतो.

साध्या जोडणीसाठी आपल्या यंत्रावरच्या .एसएसएच/कॉन्फिगमध्ये ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ३०’ आणि ‘सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स ६’ घाला. मोबाइल नेटवर निष्क्रिय जोडणी गुपचूप तोडली जाते, ते यामुळे टळतं. आणि रेंज १८० सेकंदांच्या आत आली, आयपी पत्ताही तोच राहिला, तर सेशन बहुधा टिकतं.

दापोलीहून एक वाचक: दूरच्या एडिटरमध्ये मराठीऐवजी चौकोन दिसतात. माझ्या यंत्रावर तर फॉन्ट आहेत.

उत्तर: आजकालचे प्रोग्रॅम अक्षरं ते चालतात त्याच यंत्रावर रेखाटून पाठवतात, तेव्हा फॉन्ट दूरच्या सर्व्हरवर हवा. उबुंटूत ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल फॉन्ट्स-लोहित-देवा’ करा, एडिटर बंद करून पुन्हा उघडा. टायपिंगचा इनस्क्रिप्ट लेआउट मात्र तुमच्या बाजूच्या एक्स सर्व्हरकडून येतो, तो तिथे लावा.