आपला प्रश्न : रस्ता आधी की नाले आधी?

प्रश्न : आमचं गाव यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. घरची सहा एकर केळी. दोन वर्षांत तीन बोअर घेतले, त्यातले दोन कोरडे गेले. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा सध्या तयार होतोय. तरुण म्हणतात, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता रुंद होणार, त्याच्या कडेला गोदामं, शीतगृह आणू. म्हातारी मंडळी म्हणतात, आधी नाल्यांचं बघा. सदस्य म्हणून मी हात कुणासाठी वर करू?
— एक ग्रामपंचायत सदस्या

उत्तर : ताई, माझे वडील साक्री तालुक्यात पांझरा नदीच्या फडावर पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी वाटून देणारे होते. फड म्हणजे बंधाऱ्याच्या पाटावर एकत्र भिजणाऱ्या शेतांचा गट. पावसाळा सरला की पंच बंधाऱ्यावर जमायचे. नदीला धार किती, ते पाहायचे आणि मगच ठरायचं, यंदा ऊस कुठल्या फडात, गहू-हरभरा कुठल्या फडात, पडीत कोणता ठेवायचा. एका फडात एकच पीक. प्रत्येकाची पट्टी होईल तितकी प्रत्येक फडात असे, त्यामुळे पाणी तुटलं तर एकट्याचंच वावर वाळत नसे, सगळ्यांची थोडी थोडी जमीन पडीत राही. पाट साफ करायला घरटी एक माणूस येई. वडिलांना मोबदला धान्यात मिळे, आणि पाळी सोडून पाणी द्यायची मुभा त्यांना खुद्द पंचांच्या वावरातही नव्हती. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ही पद्धत शेकडो वर्षं चालली. पुढे मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली, पुष्कळ आराखडे हाताखालून गेले, पण आधी धार पाहून मग पीक ठरवणारा त्या बंधाऱ्यावरचा हिशोब मला आजही सगळ्यांत शहाणा वाटतो.

तुमच्याकडची धार जमिनीखाली आहे. डोंगर संपतो तिथे गोट्यांचा, रेतीचा पट्टा लागतो. भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. सुकी, मोर या नद्या आणि लहानमोठे नाले तिथे उतरले की पाणी खाली मुरतं, आणि तेच पुढे तुमच्या केळीखालच्या गाळात जातं. तापी खोल पात्रातून वाहते, तिचं पाणी उपशाशिवाय वर येत नाही. केळीला तर बारा महिने पाणी लागतं. म्हणजे त्या पट्ट्यात जेवढं मुरेल तेवढ्यावरच सगळ्यांची भिस्त. चौथा बोअर घ्याल तर शेजारणीच्या वाट्याचंच ओढाल. तो घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

आता रस्ता. त्याला विरोध करू नका. नाले उत्तरेकडून दक्षिणेला वाहतात, रस्ता पूर्व-पश्चिम जातो. प्रत्येक नाला त्याला आडवा येणार. नोकरीत असताना मी एका रस्त्याच्या मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या वाटा, नाल्याच्या तळापेक्षा वर बसवलेल्या पाहिल्या. पहिल्याच मोठ्या पावसात वरच्या अंगाची कपाशी बुडाली आणि खालचा नाला कोरडा राहिला. ते आठवलं की अजून जीव तुटतो. म्हणून काम सुरू होण्याआधी मोऱ्यांची जागा आणि उंची गावाला दाखवा, असा ठराव करा. भरावाला माती-मुरूम लागणारच. बुलढाणा जिल्ह्यात तलाव-नाल्यांतला गाळ काढून तो महामार्गाच्या भरावाला वापरला, रस्ताही झाला आणि पाण्याची जागाही. तसंच मागा. मात्र कुठे, किती खोल खणायचं ते भूजल सर्वेक्षणाच्या माणसाकडून ठरवून घ्या. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद-खोल करून साखळी बंधारे बांधले, ते खालचे थर ओळखूनच. ते न बघता नुसता पोकलेन लावून उपयोग नाही.

शीतगृहाचं तरुणांचं म्हणणंही मला पटतं. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी घड बांधावरूनच ट्रकमध्ये चढतो आणि भाव व्यापारी सांगतो. प्रतवारी, पॅकिंग, पिकवण्याच्या खोल्या गावाजवळ झाल्या तर त्याच पाण्यात चार पैसे जास्त मिळतील. फक्त जागा नाल्याच्या वाटेत देऊ नका.

तर हात नाल्यांसाठी वर करा, आणि रस्त्याच्या कामातूनच नाल्यांचं काम करून घ्या.

हे एकट्या गावाने होणार नाही, कारण पाणी मुरतं वरच्या गावांच्या शिवारात आणि जंगलात. आमच्या तालुक्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं जंगल राखलं, तेव्हा तिथे पाणी टिकलं. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तुमच्या वरच्या पाड्यांशी आधी बोला, त्यांनाही या कामात वाटा द्या. मग त्या नाल्यावरच्या सगळ्या ग्रामपंचायतींचा एकच ठराव जिल्हा नियोजन समितीकडे पाठवा. राज्यघटनेच्या 243 झेडडी कलमात पाण्याचं वाटप आणि पायाभूत सोयींचा एकत्र विकास हे विषय याच समितीकडे दिलेत, ते ठरावात लिहा.

ठरावासोबत आकडे जोडा. गावातल्या दहा विहिरी निवडा, दोरीला दगड बांधून दिवाळीनंतर एकदा आणि वैशाखात एकदा पाण्याची पातळी मोजा, गट नंबरासह वहीत लिहा. हे काम शाळेतली पोरंही करतील.